ब्लास्टिंग कॅबिनेट घ्यायचंय? आधी हवेचा हिशेब करा

जुन्या बुलेटची इंजिन कव्हरं, गंजलेले ब्रॅकेट, वाड्याच्या दाराच्या बिजागऱ्या हे सगळं पॉलिश पेपरने घासून हात दुखले की घरीच ब्लास्टिंग कॅबिनेट असावं असं वाटू लागतं. टेबलावर मावणारं कॅबिनेट साधारण १५ ते ३० हजारांत येतं. या आकड्यावर निर्णय घेऊ नका. कॅबिनेट म्हणजे काच, हातमोजे आणि बंदूक बसवलेली पेटी. काम हवा करते, आणि खरा पैसा हवेलाच लागतो.

दुकानदाराला पहिला प्रश्न विचारा: बंदुकीतला एअर जेट किती मिलिमीटरचा? ८० पीएसआय दाबाला (गेजवर साधारण साडेपाच किलो) २ मिलिमीटरचा जेट मिनिटाला ७-८ घनफूट हवा खातो, तर ३ मिलिमीटरचा १६-१७. छोट्या काँप्रेसरवर ठळक छापलेला सीएफएमचा (मिनिटाला घनफूट) आकडा बहुधा पिस्टन डिस्प्लेसमेंटचा असतो. प्रत्यक्ष मिळणारी हवा, म्हणजे एफएडी, त्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास भरते. त्यामुळे दीड एचपीचा, ५० लिटर टाकीचा काँप्रेसर या कामाला पुरत नाही. अर्धा मिनिट मारा आणि दाब भरायची वाट बघत बसा, असं होतं. माझ्या मते घरासाठी ३ एचपीचा बेल्टवाला काँप्रेसर, १५० लिटरच्या वरची टाकी आणि २ मिलिमीटरचा जेट ही जोडी योग्य. काँप्रेसरचे ४० ते ६५ हजार धरा. तो तासाला पावणेतीन युनिटच्या आसपास वीज घेतो. घराचा मंजूर भार तपासा, स्वतंत्र एमसीबी आणि पक्कं अर्थिंग करून घ्या. सेकंडहँड घेणार असाल तर टाकीची हायड्रो टेस्ट झाल्याशिवाय पैसे देऊ नका. आतून गंजलेली टाकी फुटू शकते.

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर दुसरी डोकेदुखी असते ती पाण्याची. दमट हवा दाबली की पाणी सुटतं, ग्रिट, म्हणजे हवेबरोबर मारायचे कण, ओलं होऊन गोळे होतात आणि बंदूक तुंबते. काँप्रेसरला चिकटवून बसवलेला वॉटर सेपरेटर फारसा उपयोगी नाही, कारण तिथे हवा गरम असते आणि पाणी वाफेच्या रूपात पुढे निघून जातं. मध्ये काही मीटर धातूचा पाइप उताराने टाका, हवा थंड होऊ द्या, मग कॅबिनेटजवळ सेपरेटर लावा. टाकीचा ड्रेन रोज सोडा.

ग्रिटमध्ये दोनच प्रकार घ्या: ॲल्युमिनियमच्या भागांसाठी ग्लास बीड्स, ४० ते ६० पीएसआयवर, लोखंडावरच्या गंजासाठी ॲल्युमिनियम ऑक्साइड, ८०च्या आसपास. दोन्ही साधारण शंभर रुपये किलोच्या आगेमागे मिळतात, चाळून पुन्हा वापरता येतात. नदीची किंवा बांधकामाची वाळू मात्र फुकट मिळाली तरी नको. तिच्या सिलिकाच्या धुळीने सिलिकोसिस होतो, आणि गेलेलं फुप्फुस परत येत नाही. ब्रिटनने १९४९च्या नियमांनी ब्लास्टिंगमधली वाळू बंद केली. आपल्याकडे लोक अजून तोंडाला रुमाल बांधून वाळू मारतात, हे बघवत नाही.

कॅबिनेट बंद असलं तरी धूळ गाळायला सायक्लोन जोडलेला व्हॅक्यूम लागतोच. त्याचे ८ ते १२ हजार. घरातला व्हॅक्यूम एकटा लावला तर फिल्टर लगेच बसतो. झाकण उघडताना पी-१०० फिल्टरचा मास्क घाला. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून ती धूळ अंगणात झटकायची नाही. काचेवरची फिल्म, हातमोजे, सिरॅमिक नोझल हे झिजतच राहणार.

हे सगळं मिळून ८० हजार ते लाखाच्या घरात जातं. एकच गाडी उभी करायची असेल तर भोसरी, अंबड किंवा शिरोली एमआयडीसीत जॉबवर्कला द्या. कॅबिनेटचा विचारही करू नका. भाग देताना ग्रिट कोणतं वापरणार ते विचारा, आणि बेअरिंगच्या जागा, आटे, मशीन केलेले पृष्ठभाग स्वतः रबराच्या बुचांनी आणि टेपने झाकून द्या. पातळ पत्रा दाबाने वाकतो, तेही सांगून ठेवा.

कार्ब्युरेटर आणि आत तेलाच्या वाटा असलेली कव्हरं यांना मी ब्लास्टिंग सुचवत नाही. एका वाटेत अडकलेले मूठभर बीड्ससुद्धा बेअरिंग खाऊन टाकतात. मारायचंच असेल तर प्रत्येक भोक आधी बंद करा, नंतर गरम साबणपाण्याने धुवा, हवेने फुंका आणि पुन्हा धुवा.