बेरीज जुळली, पण नाव कुठे आहे?
(सातबाऱ्यातील चुका शोधण्याचा एक पाठ)

महात्मा फुले यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. निरक्षर शेतकऱ्याचे भवितव्य कागद लिहिणाऱ्याच्या लेखणीत कसे अडकते, हे त्यांनी त्यात दाखवले. आज ती लेखणी संगणकात गेली आहे. तिचे लिखाण तपासण्याची विद्या मात्र आपल्या घराघरांत यायची आहे.

गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाची व किती, हे असते. बारामध्ये पिकांची नोंद असते. मालकी कोणत्या कारणाने बदलली, हे नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही सांगते. संगणकात ही कोष्टके गट क्रमांक, खाते क्रमांक व फेरफार क्रमांक यांनी एकमेकांशी बांधलेली असतात.

आपला परभणी जिल्हा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. अनेक जुने अभिलेख उर्दूत आहेत. 1954-55 चे खासरा पाहणी पत्रक आजही मूळ पुरावा म्हणून काढावे लागते. उर्दूतून मराठीत, हस्तलिखितातून संगणकात, अशा प्रत्येक नकलेत चूक शिरण्यास वाव राहिला.

काही चुका संगणक स्वतःच पकडतो. समजा, एका गटाचे क्षेत्र 2 हेक्टर 40 आर असून तीन भावांना प्रत्येकी 80 आर आहेत. एकाचे 80 ऐवजी 8 आर नोंदले गेले, तर बेरीज 1 हेक्टर 68 आर होते. मेळ बसत नाही, म्हणून तो गट विसंगत सातबारांच्या यादीत येतो.

परंतु दोन भावांचे असमान हिस्से अदलाबदल झाले, तर बेरीज जुळते. वारस नोंदीत बहिणीचे नाव गाळून सर्व क्षेत्र भावांत वाटले, तरीही बेरीज जुळते. संगणकाला विसंगती दिसत नाही. अन्याय मात्र झालेला असतो. म्हणूनच 2017 साली संगणकीकृत सातबारांचे गावोगावी चावडी वाचन झाले. गाळलेले नाव ऐकणाऱ्या माणसालाच कळते.

तपासणीचा क्रम असा ठेवावा. प्रथम नवा उतारा व जुना हस्तलिखित सातबारा शेजारी ठेवून नाव, क्षेत्र, खाते क्रमांक व इतर हक्क ताडून पाहावेत. नंतर उताऱ्यावरील फेरफार क्रमांक घेऊन मूळ फेरफार काढावा. फेरफार बरोबर आणि सातबारा चुकलेला असेल, तर तो लेखनप्रमाद होय. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 155 खाली दुरुस्तीचा अर्ज तहसीलमध्ये द्यावा. फेरफारच चुकीचा मंजूर झाला असेल, तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करावे. अर्जाची पोच घ्यावी आणि दुरुस्तीनंतर नवा उतारा काढून पुन्हा वाचावा.

स्त्रियांना वारसाहक्क देणारे हिंदू कोड बिल रखडले, हे 1951 मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडण्यामागील एक प्रमुख कारण होते. पुढे झालेला हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. तो हक्क आपल्याच घरच्या सातबाऱ्यात उतरला आहे काय? या विद्यालयात अक्षर शिकलेल्या प्रत्येकाने येत्या सुटीत गावी जाऊन घरचा उतारा मोठ्याने वाचावा, आणि वाचताना आई, आत्या व बहिणीला शेजारी बसवावे.