मापन-साधनांची निवड : अचूकता किती असावी ?

कारखान्यात नवे यंत्र घेताना त्याची क्षमता, किंमत व वीजवापर यांची कसून चौकशी केली जाते. त्यावर बसवावयाच्या तापमापीची किंवा दाबमापकाची मात्र तेवढी चौकशी होत नाही. वस्तुतः कामगार यंत्र चालवितो ते या साधनांवरील आकडा पाहूनच. तो आकडा चुकीचा असेल, तर दक्ष कामगाराच्या हातूनही सदोष माल बाहेर पडतो.

दुग्धशाळेतील उदाहरण

दुधाच्या पाश्चरीकरणात दूध किमान ७२ अंश सेल्सियसला १५ सेकंद ठेवावे लागते. तापमान याहून कमी राहिल्यास क्षयासारख्या रोगांचे जंतू जिवंत राहण्याचा धोका असतो. आता या कामी साधन कोणते निवडावे ? ‘के’ प्रकारच्या, दुसऱ्या वर्गाच्या थर्मोकपलला प्रमाणानुसार या तापमानाला अडीच अंशांपर्यंतची चूक मान्य आहे. म्हणजे आकडा ७२ दिसत असताना दूध प्रत्यक्षात ६९.५ अंशांवर असू शकेल. सुरक्षिततेसाठी ते ७४.५ अंशांपर्यंत तापवावे, तर इंधन अधिक जळते. याउलट ‘अ’ वर्गाच्या प्लॅटिनम रोध तापमापीची मान्य चूक याच तापमानाला सुमारे ०.३ अंश एवढीच असते. येथे तिच्यावरील जादा खर्च सार्थकी लागतो.

त्याच दुग्धशाळेत भांडी धुण्याच्या गरम पाण्यासाठी मात्र एवढ्या अचूकतेची गरज नाही. तेथे दोन अंशांचा फरक चालू शकतो व साधी तापमापी पुरते. यावरून निवडीचे सूत्र स्पष्ट होते : प्रक्रियेला किती फरक सोसवतो, हे प्रथम ठरवावे आणि साधन नंतर निवडावे. साधनाची चूक त्या मुभेच्या एक दशांशापेक्षा अधिक नसावी, असा जुना संकेत आहे. ते शक्य नसेल, तर निदान एक चतुर्थांशाची मर्यादा पाळावी.

पल्ल्याचा विचार

दाबमापकाच्या तबकडीवर १.६ असा अचूकतेचा वर्ग लिहिलेला असतो. ही टक्केवारी दिसणाऱ्या आकड्याची नसून संपूर्ण पल्ल्याची असते. शून्य ते २५ किलोग्रॅम पल्ल्याच्या अशा मापकात दर चौरस सेंटिमीटरला ०.४ किलोग्रॅमची चूक संभवते. प्रत्यक्ष दाब ४ किलोग्रॅम असेल, तर ही चूक १० टक्के झाली ! त्याच वर्गाचा शून्य ते ६ किलोग्रॅमचा मापक घेतल्यास ती अडीच टक्क्यांच्या आत येते. नेहमीचा दाब पल्ल्याच्या मध्याच्या आसपास किंवा थोडा वर राहील, असा मापक निवडणे म्हणूनच हिताचे असते.

बारीक रेघा किंवा दशांशचिन्हापुढील अधिक आकडे म्हणजे अचूकता नव्हे, हेही ध्यानात ठेवावयास हवे. तापमापी ७२.०४ असा आकडा दाखवीत असली, तरी तिची चूक एका अंशाची असू शकते. शिवाय संवेदक, जोडतार आणि दर्शक या प्रत्येकाची चूक अंतिम आकड्यात मिसळते. तेव्हा केवळ संवेदकाचा वर्ग पाहून भागत नाही.

नियमित पडताळणी

उष्णता, कंपने व वापर यांमुळे चांगले साधनही कालांतराने बिघडते. तापमापी कुटलेला बर्फ व शुद्ध पाणी यांच्या मिश्रणात धरली असता शून्य अंश दाखविते की नाही, ही प्राथमिक तपासणी कारखान्यातच करता येते. महत्त्वाच्या साधनांचे अंशशोधन मात्र अधिस्वीकृत प्रयोगशाळेतूनच ठराविक मुदतीने करून घ्यावे. त्या प्रयोगशाळांची मापे अखेर नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील राष्ट्रीय मानकांशी जोडलेली असतात.

लघुउद्योजकाचे भांडवल मर्यादित असते. सर्वच ठिकाणी महाग साधने बसविणे त्याला परवडणारे नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. जेथे चुकीची किंमत ग्राहकाच्या आरोग्याने मोजावी लागते, तेथे खर्च करावा व अन्यत्र काटकसर करावी, हेच शहाणपणाचे ठरेल.