निगेटिव्ह, पण कोणत्या तपासणीत?

अंगावरून पांढरं जातंय ही तक्रार आपल्याकडे डॉक्टरच्या कानावर सगळ्यात शेवटी जाते. आधी जाऊबाई, मग शेजारीण, मग केमिस्ट. माझंही तसंच झालं. जाऊबाईंनी तांदळाचं धुवण प्यायला सांगितलं, केमिस्टने काही न विचारता चार गोळ्यांचं पाकीट काढून दिलं. त्यात एक गोळी बुरशीवरची, एक जिवाणूंवरची आणि दोन सेक्निडाझोलच्या असतात, हे पुष्कळ नंतर कळलं. गोळ्या घेतल्या की बरं वाटायचं आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच: पिवळसर फेसाळ स्राव, वास, खाज, लघवीला आग.

शेवटी गायनॅककडे गेले. त्यांनी स्वॅब घेतला, तो दवाखान्याच्या फ्रिजमध्ये ठेवला गेला. संध्याकाळी लॅबचा मुलगा आला आणि दिवसभराच्या सगळ्या नळ्या एकदम घेऊन गेला. रिपोर्ट आला: ट्रायकोमोनास आढळले नाहीत. मग बुरशीचं मलम सुरू झालं, ते बदलून दुसरं झालं, शुगर तपासून झाली, अंतर्वस्त्रं उन्हात वाळवायचा सल्लाही मिळाला. आजार होता तिथेच होता.

ट्रायकोमोनास व्हजायनालिस हा एकपेशीय परजीवी. शरीरसंबंधातून पसरतो, संडासाच्या भांड्यावरून किंवा बाहेरच्या पाण्यातून आला असेल, अशी समजूत घालून घेण्यात अर्थ नाही. 1836 साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड दोने यांनी तो पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि आपल्याकडच्या बऱ्याच लॅबमध्ये आजही तो तसाच शोधतात. स्रावाचा थेंब मिठाच्या पाण्यात मिसळून काचेवर ठेवायचा आणि वळवळणारं काही दिसतं का ते बघायचं. याला वेट माउंट म्हणतात. तपासणी स्वस्त आहे, लगेच होते, पण तिचा सगळा भार त्या वळवळीवर. परजीवीचा आकार साधारण पांढऱ्या पेशीएवढा. तो थंडावला, निपचित पडला की पेशींच्या गर्दीत ओळखू येत नाही, आणि तासाभरातच तो मंदावू लागतो. नमुना ताजा असतानासुद्धा ही तपासणी 100 बाधित बायकांपैकी 44 ते 68 जणींनाच पकडते. माझा नमुना तर संध्याकाळपर्यंत गारठून गेलेला. ग्रॅम स्टेन किंवा पॅप स्मीअरवरही याबाबतीत विसंबता येत नाही.

रिपोर्टवर तपासणीची पद्धत बारीक अक्षरात छापलेली असते. ती आपण वाचत नाही, निकालाची ओळ तेवढी वाचतो. मला ती पद्धतीची ओळ दुसऱ्या डॉक्टरांनी वाचून दाखवली आणि रेणवीय तपासणी, म्हणजे नॅट, लिहून दिली. कोविडची आरटीपीसीआर आणि टीबीची सीबीनॅट याच घराण्यातल्या. परजीवी जिवंत आहे की मेलेला, हलतो की नाही, याच्याशी तिला कर्तव्य नसतं. त्याच्या जनुकीय द्रव्याचा तुकडा सापडला की त्याच्या असंख्य प्रती काढून यंत्र तो ओळखतं. चांगल्या नॅट चाचण्या 100 पैकी 95 हून अधिक बाधितांना पकडतात. नमुना बाईने स्वतः घेतला तरी निकालात फरक पडत नाही. संकोचाने तपासणी टाळणाऱ्या बायकांना हे आवर्जून सांगा.

माझा निकाल पॉझिटिव्ह आला आणि तो आला नवऱ्याच्या व्हॉट्सॲपवर, कारण लॅबच्या काउंटरवर नेहमीच्या सवयीने घरचा म्हणून त्यांचाच नंबर नोंदलेला होता. त्या संध्याकाळी घरात काय झालं ते लिहीत नाही. तुम्ही मात्र अशा तपासणीला जाताना स्वतःचा नंबर द्या, आणि रिपोर्ट कोणाला पाठवायचा हे काउंटरवर विचारून घ्या.

एवढं जालीम भांडण होण्यासारखं त्या कागदात काही नव्हतंच. परजीवी आहे, एवढंच ही तपासणी सांगते. तो कधी आला, कोणाकडून आला हे ती सांगू शकत नाही. सुमारे 70 टक्के बाधितांना काही जाणवत नाही, पुरुषांना तर बहुधा नाहीच, आणि बाईच्या शरीरात तो महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं राहू शकतो. त्यामुळे या रिपोर्टच्या जोरावर कोणी कोणाला जाब विचारू नये. माझ्या नवऱ्याचं ‘मला काय धाड भरलीय?’ हे म्हणणं त्यांच्यापुरतं प्रामाणिक होतं. पण केमिस्टच्या गोळ्यांतल्या सेक्निडाझोलने, म्हणजे याच परजीवीवरच्या औषधाने, मला बरं वाटूनही दुखणं उलटायचं, त्याचं उत्तर त्यातच होतं. औषध मी एकटी घेत होते.

अमेरिकेच्या सीडीसीच्या 2021 च्या मार्गदर्शिकेत बायकांना मेट्रोनिडाझोल 500 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस, आणि पुरुषांना 2 ग्रॅमचा एकच डोस सांगितला आहे. डोस तुमचे डॉक्टर ठरवतील. जोडीदाराचं औषध त्याच वेळी लिहून घेणं तुमच्या हातात आहे. दोघांचं औषध संपून त्रास थांबेपर्यंत संबंध नकोत. पुरुषाची तपासणी लघवीवर होते आणि इथे नेहमीच्या उलट, सुरुवातीची धार लागते, मधली नाही. बाईची नॅट तीन महिन्यांनी पुन्हा करायची. औषधानंतर तीन आठवड्यांच्या आत मात्र करू नका, मेलेल्या परजीवीचे अवशेष सापडून उगाच पॉझिटिव्ह येते.

रक्ताच्या ‘एसटीडी पॅकेज’मध्ये हा परजीवी सापडत नाही, पैसे भरण्याआधी यादीत ट्रायकोमोनास आहे का बघा. डझनभर जंतूंच्या पीसीआर पॅनेललाही भुलू नका. मायकोप्लाझ्मा होमिनिस, युरियाप्लाझ्मा हे निरोगी बायकांतही सापडतात, आणि नुसतं नाव दिसलं म्हणून अँटिबायोटिक सुरू होतं. एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी मात्र जरूर करून घ्या, कारण या संसर्गाने एचआयव्हीची लागण होण्याचा धोका वाढतो. दिवस गेलेले असतील तर अजिबात अंगावर काढू नका. वेळेआधी बाळंत होण्याशी याचा संबंध आढळला आहे.

नॅट खर्चिक आहे आणि गावोगाव मिळत नाही. परवडत नसेल तर सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये जा. तिथे लक्षणांवरून हिरवं किट फुकट देतात, त्यात सेक्निडाझोल 2 ग्रॅम असतं. क्लिनिक कुठे आहे ते 1097 या मोफत हेल्पलाइनवर कळतं. आणि जाल तेव्हा नवऱ्यालाही बरोबर न्या.