केलेले जाणावे

सज्जनहो, वारकऱ्याच्या तोंडी उपकार हा शब्द पुष्कळदा येतो. वाटेत कोणी तांब्याभर पाणी दिले तरी आपण "मोठे उपकार झाले, माउली" असे म्हणतो. म्हणणे गोड आहे, आणि ते सोडूही नये. परंतु उपकार म्हणणे निराळे व उपकार जाणणे निराळे. ह्या जाणण्याविषयी आज चार शब्द लिहावे असा आमचा मानस आहे. दृष्टांतासाठी लांब कोठे जात नाही. पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस भोर आणि वेल्हे हे डोंगरी मुलूख आहेत, तेवढे पुरे. वेल्हे तालुक्यास आता राजगड असे नाव दिले आहे. पण आमच्या जिभेवर वेल्हेच बसले आहे, म्हणून येथे तोच शब्द ठेवतो.

शब्दाचा अर्थ

कृतज्ञ ह्या शब्दाचा विग्रह अगदी सरळ आहे. कृतं जानाति इति कृतज्ञः. केलेले जो जाणतो तो कृतज्ञ. ह्यात हात जोडणे नाही, डोळ्यांत पाणी आणणे नाही. ते मागाहून येईल. आधी जाणणे आहे. कोणी केले, काय केले आणि करताना त्याचे काय खर्ची पडले, ही तीन उत्तरे ज्याला ठाऊक आहेत तो कृतज्ञ. उलट शब्द कृतघ्न. येथे 'घ्न' म्हणजे मारणारा. केलेल्याचा जो घात करतो तो कृतघ्न. आणि घात करावयास शस्त्र लागत नाही. विसरले म्हणजे झाले!

वाल्मीकिरामायणात किष्किंधाकांडात हा प्रसंग आहे. रामरायांनी सुग्रीवास राज्य मिळवून दिले. पावसाळा लागला. पावसाळ्याचे चार महिने सुग्रीव सुखात राहिला आणि दिलेला शब्द विसरला. तेव्हा लक्ष्मण रागाने किष्किंधेत गेला आणि त्याने सुग्रीवास बजावले की, बाकीच्या मोठमोठ्या पातकांना सज्जनांनी प्रायश्चित्त सांगून ठेवले आहे, परंतु कृतघ्नाला सुटका सांगितलेली नाही. सुग्रीव दुष्ट नव्हता, हे लक्षात ठेवावे. तो नुसता सुखात होता.

आता श्रद्धा. श्रत् आणि धा मिळून हा शब्द झाला. श्रत् हे निघंटूमध्ये सत्याचे एक नाव आहे. 'हे सत्य आहे' असे धरून त्यावर पाऊल ठेवणे म्हणजे श्रद्धा. कृतज्ञता मागे पाहते, श्रद्धा पुढे पाहते. मागचे ज्याला दिसत नाही त्याची पुढची श्रद्धा पोकळ असते, असे आमचे मत आहे. ते का, हे आता पाण्यावरून पाहू.

पाण्याची वाट

भोर तालुक्यात घाटमाथ्याच्या पूर्वेस पडलेला पावसाचा थेंब कोठे जातो? तो नीरेत जातो, नाहीतर वेळवंडीतून नीरेत जातो. वेल्ह्याची कानंदी गुंजवणीला मिळते आणि गुंजवणी नीरेला. नीरा पुढे जाऊन नीरा नरसिंहपूर येथे भीमेला मिळते, आणि भीमा पंढरपुरास पोचते. तेथे तिलाच आपण चंद्रभागा म्हणतो. वेल्ह्याच्या उत्तर अंगाचे पाणी आंबी आणि मोसे ह्या नद्यांवाटे मुठेला जाते. मुठा पुण्यास मुळेला मिळते, मुळामुठा भीमेला मिळते. म्हणजे तोरण्याच्या ह्या बाजूस पडो की त्या बाजूस, थेंबाची वारी पंढरीचीच. त्याला तिथी पाहावी लागत नाही की दिंडी शोधावी लागत नाही!

आषाढी वारीत माउलींच्या पादुकांना नीरेचे स्नान घडते. तुकोबारायांच्या पादुकांना सराटी येथे नीरेचेच स्नान घडते. लाखो वारकरी त्या पाण्याला हात लावतात आणि डोळ्यांना लावतात. पुढे फलटण, माळशिरस ह्या वाटेवर ऊस दिसतो, ज्वारी दिसते, गावोगावी भाकरीच्या चळती दिंडीपुढे येतात. त्या मुलखाला नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी आहे. आणि त्या कालव्यामागे भोरजवळचे भाटघर धरण आहे. हे धरण १९२८ साली पुरे झाले. त्यात सुमारे साडेतेवीस अब्ज घनफूट पाणी साठते. पूर्वी त्यास लॉइड धरण म्हणत. आता त्याच्या जलाशयाला येसाजी कंकांचे नाव आहे.

पाणी साठते म्हणजे जमीन बुडते. वेळवंडीच्या खोऱ्यात कांबरे गावी कांबरेश्वराचे शिवालय आहे. वर्षाचे बहुतेक महिने ते पाण्याखाली असते. उन्हाळ्यात धरणाचे पाणी ओसरले म्हणजे ते वर येते, गावकरी चिखल काढतात, पूजा करतात, आणि पाऊस लागला की देव पुन्हा पाण्यात जातो. शंकराला जलाधारी आपण सगळेच धरतो. येथे देवाने अख्खे धरण डोक्यावर घेतले आहे. आसपासची भाताची खाचरे, उंबरे, पारही त्याच पाण्याखाली आहेत. फरक इतकाच, की ती वर आली तरी तेथे पुन्हा कोणाला नांदता येत नाही.

म्हणून म्हणतो, माळशिरसच्या वाटेवर जी भाकरी वारकरी खातो तिच्यात एक वाटा वेळवंडीच्या खोऱ्यातील त्या माणसांचा आहे, ज्यांची नावे त्याला कळणार नाहीत. नाव नाही कळले तरी वाटा कळला पाहिजे.

एका माउलीचा प्रश्न

वेल्ह्याकडे एका गावी सप्ताहास आम्ही गेलो होतो. दुपारी प्रवचन झाल्यावर साठीच्या घरातली एक बाई पुढे आली. पाया पडली आणि उभीच राहिली. आम्ही विचारले, "काय माउली, काही बोलायचे आहे?" ती म्हणाली, "बुवा, आषाढीला लावणी, कार्तिकीला कापणी. आमचं मालक माळकरी. त्यांची वारी कधी चुकली नाही. माझी एकबी झाली नाही. पुण्य त्यांचं आन् चिखल माझा. देव माझ्याकडं कवा बघायचा?"

देशावरच्या वाचकांना ह्या बोलण्याचे मर्म कळावे म्हणून सांगतो. मावळात भात हेच पीक. उन्हाळ्यात राब भाजायचा, मृगाच्या सुमारास पेरायचे, तीनएक आठवड्यांत तरवा लावणीला येतो. नेमक्या त्याच दिवसांत, ज्येष्ठ वद्य सप्तमी-अष्टमीला, देहू-आळंदीहून पालख्या निघालेल्या असतात. तरवा थांबत नाही आणि एकादशीही थांबत नाही. मग घरातील एकाने जायचे आणि बाकीच्यांनी गुडघाभर चिखलात वाकायचे, अशी वाटणी होते. तीच माणसे जातात आणि तीच माणसे वाकतात, असे वर्षानुवर्षे चालते.

आम्ही तिला विचारले, "मालक वारीला गेले म्हणजे खाचरात कोण असते?"

"मी, सून, आन् इर्जिकीची माणसं."

"त्यांच्या शिदोरीचे पीठ कोणी दळून दिले?"

"मीच की."

"मग वारी एकट्या मालकांची कशी झाली?"

पूर्वमीमांसेत सहाव्या अध्यायात हा विचार आला आहे. यज्ञाचा अधिकार एकट्या पतीचा की दोघांचा, असा प्रश्न घेऊन जैमिनींनी निर्णय दिला की दांपत्याचा सहाधिकार आहे. कर्म दोघांचे, फळ दोघांचे. जो न्याय यज्ञाला तोच वारीला लावण्यास काही हरकत दिसत नाही. हे आम्ही त्या बाईला सोप्या शब्दांत सांगितले. तिने ऐकले, मान डोलावली. पण तिचे समाधान झाले नाही हे तोंडावर दिसत होते. आणि ते खरेच होते. अर्धे पुण्य पदरात आहे असे सांगितल्याने पंढरीची वाट पायांखाली येत नाही.

म्हणून काल्याच्या कीर्तनात आम्ही माळकरी मंडळींना उघड सांगितले, "फळाची वाटणी शास्त्राने केली आहे, कामाची वाटणी तुम्ही करा. ज्याच्या दहा वाऱ्या झाल्या त्याने अकराव्या वर्षी खाचरात उतरावे आणि मंडळीला दिंडीत पाठवावे." मागून एका म्हाताऱ्याने विचारले, "आन् वारी खंडली तर?" आम्ही म्हटले, "वारी घराची असते. घरातून पाऊल निघाले म्हणजे ती खंडली नाही. आणि खंडण्याचेच भय असेल तर पुंडलिकाकडे पाहा. देव दारी आला तरी तो आईबापांची सेवा सोडून उठला नाही. वीट पुढे केली आणि थांब म्हणाला. देव थांबला. अजून थांबला आहे. तुम्ही एक वर्ष चिखलात राहिलात तर तो काही जायचा नाही."

पुढच्या आषाढात ती बाई दिंडीत होती. नीरेवर आल्यावर तिने पाण्यात पाय घातला आणि बरोबरच्या बायकांना म्हणाली, "हे तर आमच्याच वावरातनं आलंय." हे त्या बायकांनीच मागाहून आम्हांस सांगितले. आमच्या तासाभराच्या प्रवचनात जे मावले नाही ते ह्या एका वाक्यात आले!

उपदेश कोणाला करावा?

येथे एक शंका येईल. कोणी म्हणेल, "बुवा, ज्यांची जमीन गेली त्यांनीही कृतज्ञ राहावे, देवाने दिले त्यात समाधान मानावे, असे शास्त्र सांगते ना?" आमचे उत्तर असे की, शब्दाचा अर्थ पुन्हा पाहा. केलेले जाणावे, हा विधी ज्याच्यासाठी केले गेले त्याला आहे. ज्याने दिले, किंवा ज्याच्याकडून घेतले गेले, त्याला हा उपदेश करणे म्हणजे उलटी गंगा. वरसगाव धरणाची कित्येक कुटुंबे आपला डोंगर सोडून दौंड तालुक्याच्या सपाटीवर वसली. भात जाणणाऱ्या माणसाने तेथे नव्या मातीत नवे शेत शिकायचे. त्यांना आम्ही समाधानाचे धडे द्यावे काय? धडा पाणी पिणाऱ्याने घ्यावा. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञचक्र सांगताना भगवंतांनी, ज्यांच्याकडून मिळाले त्यांना न देता एकट्याने भोगणाऱ्यास चोर म्हटले आहे. तो शब्द खाणाऱ्यासाठी आहे, उपाशी माणसासाठी नाही.

ह्याच वेल्ह्यातील पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि पुण्यात महापूर आला. तो पूर पुष्कळांना ठाऊक आहे. त्याच्या आदली रात्र मात्र थोड्यांना आठवते. धरणाची मातीची भिंत खचत असता लष्कराच्या जवानांनी भर पावसात रात्रभर वाळूची पोती रचली. भिंत शेवटी गेलीच, पण सकाळी गेली. पाणी पुण्यात शिरले तेव्हा दिवस होता, माणसांना धावता आले. तीच भिंत मध्यरात्री गेली असती तर झोपेतले शहर वाहून गेले असते. आता पाहा, त्या जवानांच्या मेहनतीला यश आले की अपयश? धरण वाचले नाही म्हणून 'व्यर्थ' म्हणणारा मनुष्य केलेले जाणत नाही. पोते टाकणाऱ्याला पुढचे दिसत नव्हते. टाकलेले पोते वाया जाणार नाही एवढे सत्य धरून तो टाकीत राहिला. ह्यालाच आम्ही श्रद्धा म्हणतो. लावणी करणारी बाई तरी दुसरे काय करते? मुठीतला तरवा चिखलात खोचते आणि पुढच्या मुठीला हात घालते.

म्हणूनच मागे म्हटले की मागचे न जाणणाऱ्याची श्रद्धा पोकळ. आपण आज ज्या पायरीवर उभे आहो ती कोणाच्या तरी श्रद्धेने घातलेली आहे. हे जाणले म्हणजे आपणही पुढच्यासाठी एक पायरी घालावी असे आपोआप वाटते.

तीन नेम

धडा आहे तर अभ्यास पाहिजे. रोजच्या जिण्यात आणि प्रवासात सहज पाळता येतील असे तीनच नेम सांगतो.

पहिला नेम पाण्याचा. घोट घेण्यापूर्वी हे पाणी कोठून आले एवढे मनाशी विचारावे. गावातील प्रत्येक मुलाला आपल्या नळाचे पाणी कोणत्या नदीचे, कोणत्या धरणाचे हे ठाऊक असावे. ठाऊक नसेल तर घरच्या वडिलांनी विचारून सांगावे.

दुसरा नेम वाटेचा. वरंध घाटात पावसाळ्यात दरड येते, रस्ता बंद पडतो. मग माणसे भिजत उभी राहून दगडमाती बाजूस काढतात. एस. टी. उशिरा आली म्हणून वाहकावर ओरडणारे आपण, त्या माणसांकडे काचेतून बघतही नाही. वाहनातून उतरताना चालकाला रामकृष्णहरि म्हणावे. घाटात काम करणारा दिसला तर हात जोडावे. आणि थांबता आले तर आपल्या शिदोरीतला घास पुढे करावा.

तिसरा नेम घराचा, आणि तोच कठीण. वारीहून आल्यावर प्रसादाचे चुरमुरे आणि बुक्का वाटण्यापूर्वी, मागे राहिलेल्या माणसाजवळ बसावे आणि विचारावे, "मी नव्हतो तेव्हा काय काय पडले?" सगळे ऐकून घ्यावे. मध्ये आपल्या वारीची गोष्ट सांगू नये. नंतर त्या कामापैकी एक काम वर्षभर आपल्याकडे घ्यावे. आणि पुढच्या आषाढात कोणाची पाळी, हे त्याच दिवशी ठरवावे.

एवढे केले तरी चंद्रभागेत बुडी मारताना अंगावरून काय वाहते आहे ते कळेल. त्यात पाऊस आहे, डोंगर आहे, बुडालेली खाचरे आहेत आणि चिखलात वाकलेली पाठ आहे. ते जाणून मग विटेवरच्या देवाकडे पाहावे.

रामकृष्णहरि.