कातडी ढाल : एक वस्तुपाठ
(इयत्ता चौथी व पाचवी)

बोईसरच्या पश्चिमेस, समुद्रकाठी, तारापूरचा किल्ला आहे. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत, जानेवारी १७३९ मध्ये, मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून जिंकला. असे पाठ शिकविताना तलवारीचे वर्णन होते. ढालीचे क्वचित होते, आणि ढाल घडविणाऱ्याचे तर मुळीच होत नाही. ही उणीव पुढील वस्तुपाठाने भरून काढावी.

रचना : मराठी शिपायाची ढाल गोल व मध्ये फुगीर असे. गेंड्याचे कातडे उत्तम मानीत, म्हशीचेही वापरीत. कातडे भिजवून, केस खरवडून, आकार देऊन वाळवीत. ते न कमावलेले, कच्चे असल्यामुळे वाळताच लाकडासारखे कठीण होई. वरून रोगण चढवीत. दर्शनी भागावरील धातूची चार फुले केवळ शोभेची नसत. त्यांच्याच आधाराने आतील कड्या पक्क्या बसत. कड्यांना मुठीचे पट्टे असत, व हातास धक्का बसू नये म्हणून मध्ये लहानशी गादी असे. भाला हे प्रमुख शस्त्र असलेल्या नागा लोकांची कातडी ढाल मात्र उंच व आयताकार असे, कारण तिने अंग झाकावयाचे असे.

प्रयोग : (१) घमेले उपडे ठेवून त्यावर धान्याचे दाणे सोडावेत. दाणे घसरून जातात. फुगीर ढालीवरील वारही असाच निसटे. (२) पावसाळ्यात ढोल सैल पडतो व वादक तो विस्तवावर शेकतात, हे मुलांकडून वदवून घ्यावे. ओलाव्याने कच्चे कातडे नरम पडते. म्हणूनच ढालीस रोगण लागे.

मर्यादा : बंदुकीपुढे अशी ढाल अपुरी पडे. तारापूरच्याच लढाईत बाजी भीवराव गोळी लागून पडले. गेंड्याच्या शिकारीस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, हेही सांगावे. मुलांनी ढालीची प्रतिकृती पुठ्ठ्याचीच करावी.

समारोप : सरदारांची नावे इतिहासात राहिली, ढाल करणाऱ्यांची बहुधा राहिली नाहीत. गावातील चर्मकाम करणाऱ्या कारागिरास शाळेत सन्मानाने बोलवावे, शिक्षकाशेजारी खुर्चीवर बसवावे, आणि रापी व आरी कशी चालते ते त्यांच्याच तोंडून मुलांना ऐकू द्यावे. मात्र जातीचा उल्लेख करून कोणत्याही विद्यार्थ्यास वर्गात उभे करू नये. ज्या हातांनी शिपायाचा जीव राखला, त्या हातांच्या कामाची लाज कोणत्याही मुलास वाटू नये, एवढे साधले तर पाठ सफल झाला असे समजावे.