क्रौंचांचे खोरे : श्रद्धा, नदी आणि कायदा

अरुणाचल प्रदेशातील तवांग शहरातून लुमलामार्गे झेमिथांगकडे जाणारा रस्ता भारताच्या सीमेवरील एका अरुंद खोऱ्यात उतरतो. तिबेटमधून वाहत येणारी न्यामजांग छू ही नदी येथे भारतात प्रवेश करते. मार्च १९५९ च्या अखेरीस चौदावे दलाई लामा तिबेट सोडून याच खोऱ्यातून भारतात आले. खोऱ्यातील गोरसाम चोर्तेन हा भव्य शुभ्र स्तूप मोनपा समाजाचे श्रद्धास्थान असून गोरसाम कोरा या उत्सवाच्या वेळी शेजारच्या भूतानमधूनही भाविक येथे प्रदक्षिणेसाठी येतात.

या खोऱ्याची आणखी एक ओळख आहे. झेमिथांगजवळ नदीचे पात्र रुंद व उथळ होते. गोटे, वाळू आणि संथ पाणी असलेला सुमारे तीन किलोमीटरचा हा पट्टा काळ्या मानेच्या क्रौंच पक्ष्याचे हिवाळी आश्रयस्थान म्हणून नोंदला गेला आहे. येथे उतरणाऱ्या पक्ष्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकीच. तरीही या मोजक्या पक्ष्यांमुळे ७८० मेगावॅट क्षमतेच्या एका जलविद्युत प्रकल्पाच्या पर्यावरणीय मंजुरीचा फेरविचार करावा लागला. विकास, पर्यावरण आणि स्थानिक समाज यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हे उदाहरण म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

पक्षी आणि त्याचा प्रवास

जगात क्रौंचांच्या पंधरा जाती आहेत. त्यांपैकी प्रामुख्याने उंच पठारी प्रदेशात जीवन व्यतीत करणारी ही एकमेव जात होय. रशियन संशोधक प्रझेवाल्स्की याने १८७६ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. दुर्गम अधिवासामुळे विज्ञानाला परिचित झालेली ही क्रौंचांची शेवटची जात ठरली. राखाडी-पांढुरके शरीर, काळी मान, काळे डोके आणि माथ्यावरील लाल ठिपका ही तिची ठळक लक्षणे आहेत.

या पक्ष्याचे मुख्य प्रजननक्षेत्र तिबेटचे पठार आहे. भारतात तो पूर्व लडाखमधील चांगथांग प्रदेशात, हानले, चुशूल व त्सो कार परिसरातील पाणथळ भूमीवर अल्प संख्येने घरटी करतो. मादी सामान्यतः एक किंवा दोन अंडी घालते. हिवाळ्यात हे पक्षी तिबेटच्या सखल नदीखोऱ्यांत, चीनच्या युनान व ग्वेजौ प्रांतांत, भूतानमध्ये आणि अत्यल्प प्रमाणात अरुणाचल प्रदेशात उतरतात. अरुणाचलमध्ये तवांग जिल्ह्यातील झेमिथांग व पश्चिम कामेंग जिल्ह्यातील सांगती ही खोरी यासाठी परिचित आहेत.

क्रौंचाची पिले प्रवासाचा मार्ग आई-वडिलांसोबत उडताना शिकतात. त्यामुळे एखादे कुटुंब वर्षानुवर्षे त्याच ठिकाणी परत येते. रात्री हे पक्षी उथळ पाण्यात उभे राहून विश्रांती घेतात, कारण जवळ येणाऱ्या श्वापदाची चाहूल पाण्यामुळे लागते. दिवसा ते शेतांत व दलदलीत सांडलेले धान्य, कंदमुळे आणि किडे टिपतात. म्हणजेच त्यांना एकाच खोऱ्यात सुरक्षित उथळ पाणी आणि जवळच अन्न, अशा दोन्ही गोष्टी लागतात. हिमालयाच्या तीव्र उतारांवर असा संयोग दुर्मीळ आहे. एक ठिकाण नष्ट झाले तर पक्षी सहज दुसरीकडे जातील, हे गृहीत धरणे म्हणूनच धोक्याचे असते.

श्रद्धेचे संरक्षण

मोनपा समाजात क्रौंच हा पवित्र पक्षी मानला जातो. सहावे दलाई लामा त्सांगयांग ग्यात्सो यांचा जन्म १६८३ मध्ये तवांगजवळील उर्गेलिंग येथे झाला. या पक्ष्याचा संबंध त्यांच्याशी जोडला जातो. त्यांच्या एका सुप्रसिद्ध काव्यरचनेत शुभ्र क्रौंच व लिथांग या स्थळाचा उल्लेख आहे. पुढे १७०८ मध्ये सातव्या दलाई लामांचा जन्म लिथांग येथेच झाला, त्यामुळे भाविक त्या रचनेकडे पुनर्जन्माचा संकेत म्हणून पाहतात. ज्या पक्ष्याच्या ठायी आपल्याच भूमीतील धर्मगुरूचे स्मरण आहे, त्याची शिकार करणे मोनपांना अकल्पनीय वाटते.

सीमेपलीकडे भूतानच्या फोबजिखा खोऱ्यातही हाच भाव आढळतो. सुमारे २,९०० मीटर उंचीवरील या खोऱ्यात दर हिवाळ्यात शेकडो क्रौंच येतात. येताना आणि परतताना ते टेकडीवरील गांगते मठाला तीन प्रदक्षिणा घालतात, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. १९९८ पासून दरवर्षी ११ नोव्हेंबर रोजी मठाच्या प्रांगणात क्रौंच महोत्सव भरतो. खोऱ्यात वीज आणताना खांब व उघड्या तारांमुळे पक्ष्यांना इजा होऊ नये म्हणून विद्युतवाहिन्या जमिनीखालून नेण्यात आल्या. गावकऱ्यांना वीज मिळाली आणि पक्ष्यांचे आकाशही मोकळे राहिले. २०१६ मध्ये गांगते-फोबजी या पाणथळ भूमीचा समावेश रामसर यादीत झाला.

फोबजिखाच्या उदाहरणातून एक महत्त्वाचा मुद्दा स्पष्ट होतो. श्रद्धा पक्ष्याला शिकाऱ्यापासून वाचवू शकते. तथापि वीजवाहिनी, रस्ता किंवा धरण यांचे नियोजन खोऱ्याबाहेरील कार्यालयांत होते. तेथे श्रद्धेचा शब्द पोहोचण्यासाठी तिला नोंद, नियम आणि संस्था यांची जोड लागते. झेमिथांगचा अनुभव हीच बाब अधिक तीव्रतेने मांडतो.

न्यामजांग छूचा प्रश्न

अरुणाचल प्रदेशची जलविद्युत क्षमता सुमारे ५०,००० मेगावॅट इतकी मानली जाते. मर्यादित उत्पन्नस्रोत असलेल्या सीमावर्ती राज्याला या क्षमतेचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. वीज, रस्ते आणि रोजगार यांची गरज खोऱ्यातील लोकांनाही आहे. या पार्श्वभूमीवर न्यामजांग छूवरील ७८० मेगावॅटच्या प्रकल्पाला एप्रिल २०१२ मध्ये पर्यावरणीय मंजुरी देण्यात आली.

हा प्रकल्प नदीप्रवाहावर आधारित स्वरूपाचा होता. अशा प्रकल्पात प्रचंड जलाशय नसतो, त्यामुळे तो तुलनेने निरुपद्रवी समजला जातो. परंतु त्यात बंधारा बांधून पाणी बोगद्यातून दूरच्या वीजगृहाकडे वळवले जाते. बंधाऱ्याच्या वरच्या बाजूस उथळ पात्राचे खोल पाण्यात रूपांतर होते, तर खालच्या बाजूस नदीचा प्रवाह क्षीण होतो. प्रस्तावित बंधाऱ्याची जागा क्रौंचांच्या त्या तीन किलोमीटरच्या पट्ट्यातच होती. असे असूनही प्रकल्पाच्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनात या पक्ष्याच्या वास्तव्याची दखल घेतली गेली नव्हती.

गावातील प्रत्येकाला ठाऊक असलेली गोष्ट अधिकृत अहवालात नसणे, हे या प्रकरणाचे मर्म आहे. बौद्ध भिक्षूंचा पुढाकार असलेल्या ‘सेव्ह मोन रीजन फेडरेशन’ या संघटनेने मंजुरीला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात आव्हान दिले. ७ एप्रिल २०१६ रोजी न्यायाधिकरणाने मंजुरी स्थगित केली. आघात मूल्यांकन नव्याने करावे, ते लोकांसमोर पुन्हा मांडावे आणि क्रौंचाच्या संरक्षणाचा स्वतंत्र अभ्यास व्हावा, अशा स्वरूपाचे निर्देश देण्यात आले.

या संघर्षाची किंमतही मोठी होती. २ मे २०१६ रोजी तवांग येथे अटकेतील एका भिक्षू-कार्यकर्त्याच्या सुटकेची मागणी करणाऱ्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात दोघांचा मृत्यू झाला, त्यांपैकी एक भिक्षू होता. नियोजनाच्या पहिल्या टप्प्यावर लोकांचे म्हणणे ऐकले गेले नाही, तर तोच प्रश्न पुढे न्यायालयात आणि रस्त्यावर येतो, याची ही वेदनादायक आठवण आहे.

कायदेशीर व संस्थात्मक चौकट

काळ्या मानेच्या क्रौंचाला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. स्थलांतरित वन्यप्रजातींविषयीच्या १९७९ च्या बॉन कराराचा भारत १९८३ पासून सदस्य असून या कराराची तेरावी परिषद फेब्रुवारी २०२० मध्ये गांधीनगर येथे झाली. पाणथळ भूमींविषयीचा रामसर करार १९७१ चा असून भारत त्यात १९८२ मध्ये सामील झाला. लडाखमधील त्सो कार पाणथळ क्षेत्र २०२० मध्ये रामसर स्थळ घोषित झाले. २०२१ मध्ये लडाख केंद्रशासित प्रदेशाने काळ्या मानेच्या क्रौंचाला आपला राज्यपक्षी म्हणून मान्यता दिली.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०२० मध्ये या जातीची नोंद ‘असुरक्षित’ वर्गातून ‘संकटसमीप’ या कमी धोक्याच्या वर्गात केली. ही सुधारणा आशादायक आहे. मात्र जागतिक संख्या वाढली तरी एखाद्या खोऱ्यातील पाच-दहा पक्ष्यांची परंपरा खंडित होऊ शकते. लडाखमध्ये मोकाट कुत्री अंडी व पिलांना धोका ठरत आहेत, तर अनियंत्रित पर्यटन घरट्यांच्या परिसरात व्यत्यय आणते.

स्थानिक सहभागासाठी २००२ च्या दुरुस्तीने वन्यजीव अधिनियमात ‘समुदाय राखीव क्षेत्र’ ही तरतूद समाविष्ट झाली. खासगी किंवा सामुदायिक जमिनीवरील वन्यजीव जपण्यास समाज स्वेच्छेने पुढे आल्यास राज्य शासन असे क्षेत्र घोषित करू शकते. याशिवाय झेमिथांग परिसरात डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडियाच्या सहकार्याने पांगचेन लुम्पो मुचात हे समुदाय संरक्षित क्षेत्र साकारले आहे. तेथे वनाची देखरेख गावकरी स्वतः करतात आणि पर्यटनाचा लाभ गावातच राहावा असा प्रयत्न असतो.

खोऱ्याला भेट देणाऱ्यांवरही काही जबाबदारी येते. अरुणाचल प्रदेशात जाण्यासाठी इतर राज्यांतील भारतीय नागरिकांना इनर लाइन परमिट आवश्यक असते. क्रौंच पाहताना पुरेसे अंतर राखणे, नदीपात्रात न उतरणे आणि गावातील निवासव्यवस्थेला प्राधान्य देणे अपेक्षित आहे. दचकून वारंवार उडणाऱ्या पक्ष्याची थंडीत जपलेली ऊर्जा खर्च होते.

समारोप

झेमिथांगचा धडा विकासाला विरोध करण्याचा नाही. वीज हवी आहे आणि नदीही हवी आहे. कोणती नदी कोठे अडवावी, हे ठरवताना त्या नदीकाठी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचे ज्ञान पुरावा म्हणून ग्राह्य धरले जावे, एवढीच अपेक्षा आहे. मोनपा समाजाने पक्ष्याला शतकानुशतके अभय दिले. तेच अभय टिकवण्यासाठी त्यांना अर्ज, नकाशे आणि अपील यांची भाषा शिकावी लागली. शासनाच्या अहवालांनी गावाची भाषा शिकणे, हा या प्रक्रियेचा उरलेला अर्धा भाग आहे.

सरावासाठी प्रश्न

१. नदीप्रवाहावर आधारित जलविद्युत प्रकल्पांचे पर्यावरणीय परिणाम काळ्या मानेच्या क्रौंचाच्या अधिवासाच्या संदर्भात स्पष्ट करा.

२. ‘धार्मिक श्रद्धा संवर्धनास आवश्यक आहे, पण पुरेशी नाही.’ झेमिथांग व फोबजिखा यांच्या आधारे चर्चा करा.

३. पर्यावरणीय आघात मूल्यांकनात स्थानिक ज्ञानाचा समावेश करण्यासाठी कोणते उपाय योजता येतील?