आरोग्यसेवेची पहिली पायरी

इस्पितळांत गेलें असतां वैद्य दिसतात, परिचारिका दिसतात. परंतु रात्रीं रोग्याचें अंथरूण बदलणारी, त्यास कुशीवर वळविणारी जी बाई, तिचें नांव बहुधा कोणी विचारीत नाहीं. ह्या पहिल्या पायरीवर कोणास चढतां यावें, हा आजच्या पाठाचा विषय आहे. आपल्या खेड्यांतील कितीतरी मुलीमुलगे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ह्या उपनगरांत नातलगांकडे राहून काम शोधतात. तेव्हां विषय घरचाच आहे.

प्रथम जामखेडचें उदाहरण घेऊं. अहमदनगर (आतांच्या अहिल्यानगर) जिल्ह्यांतील ह्या दुष्काळी भागांत डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्यानें 1970 सालीं आरोग्याचें काम आरंभिलें. आरंभीं त्यांनीं खेड्यांत परिचारिका ठेविल्या. परंतु परगांवच्या तरुण स्त्रीनें एकटें राहणें कठीण, आणि गांवाचाही तिजवर विश्वास बसेना. मग प्रत्येक गांवानें आपल्यांतलीच एक बाई निवडावी असें ठरलें. निवडलेल्यांत पुष्कळ निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. जिला अक्षर ठाऊक नाहीं ती गरोदर स्त्रीची तपासणी कशी करणार, असें कोणीही विचारील. तर त्या दर आठवड्यास जामखेडास येत; एकच गोष्ट पुनः पुनः बोलून, गाऊन व हातानें करून शिकत. मुलाचें वजन करणें, जुलाब लागलेल्या लेंकरास मीठ-साखरेचें पाणी पाजणें, स्वच्छ हातांनीं बाळंतपण करणें, अडलेल्या बाईस वेळींच इस्पितळांत पाठविणें, हीं कामें त्या करूं लागल्या. खरी अडचण अक्षरांची नव्हतीच. जिच्या हातचें पाणी चालत नसे, तिच्या हातीं सवर्ण घरची बाळंतीण सोंपवावयाची होती! तें एका दिवसांत घडलें नाहीं. पण त्या भागांत आरंभीं दर हजार जन्मांस सुमारें 175 बालकें वर्षाच्या आंत दगावत, तें प्रमाण पांच-सहा वर्षांत निम्म्याहून खालीं आलें. 1979 सालीं ह्या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें.

तथापि जामखेडची बाई स्वयंसेविका होती, पगारी नोकर नव्हे. 2005 पासून देशभर नेमल्या जाणाऱ्या ‘आशा’ सेविकांसही नियमित वेतन नसून कामागणिक मोबदला मिळतो. गौरवानें चूल पेटत नाहीं, हें आम्हीं स्पष्ट म्हणावें. ज्यास ह्या कामावर पोट भरावयाचें आहे, त्यास प्रमाणपत्र पाहिजे.

घाटकोपरच्या राजावाडी इस्पितळांत मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू बोलणारे रोगी येतात. वस्तींत वाढलेल्या मुलीस ह्या भाषा शाळेबाहेरच आलेल्या असतात. घाबरलेल्या म्हातारीस तिच्या बोलींत धीर देणें हा लहानसा गुण नव्हे. परंतु फी भरतांना हा गुण कोणी मोजीत नाहीं. म्हणून पालकांनीं पुढील गोष्टी नीट समजून घ्याव्या. रोग्याच्या मदतनिसाचें शिक्षण कांहीं महिन्यांचें असतें व त्यास सामान्यतः दहावी पुरते. पण त्यानें मुलगी परिचारिका होत नाहीं. ए.एन.एम. होण्यास दोन वर्षें व जी.एन.एम. होण्यास तीन वर्षें लागतात, आणि दोहोंस बारावी पाहिजे. विज्ञानशाखाच हवी असा पुष्कळांचा समज आहे, तो खोटा आहे. इंग्रजी विषय मात्र उत्तीर्ण असावा. जी.एन.एम.चें शिक्षण मुलग्यांसही घेतां येतें.

दोन-तीन वर्षें घरांत मिळकत नाहीं, उलट भाडें, पुस्तकें व लोकलचा पास ह्यांचा खर्च, येथेंच बहुतेक गरीब मुली गळतात. एखाद्या मंडळीनें एकाच मुलीचा पास व पुस्तकें पत्करलीं तरी ती टिकेल. आणि कोणी ‘सहा महिन्यांत नर्स करून देतों’ म्हणाला, तर पैसे देण्यापूर्वीं एवढेंच विचारावें: आपल्या संस्थेस महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे काय, आणि शिक्षण संपल्यावर मुलीचें नांव त्या परिषदेच्या नोंदवहींत लागेल काय? उत्तर तोंडी घेऊं नये, कागद पाहावा.